गाडीसुद्धा बैलाला तेवढंच मागे ओढते, तर मग बैलगाडी चालते कशी? (अकरावी फिजिक्स, मदत हवी)

रावपुऱ्याची_आई

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, बी.कॉम. झालेली. फिजिक्सशी माझा संबंध दहावीला संपला, तेव्हा उत्तर देताना मला काही येतं असं धरून चालू नका.

मुलगा अकरावी सायन्सला आहे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, वहीत इंग्रजी असा कारभार. अभ्यासात बरा आहे, पण एखादी गोष्ट पटली नाही की पुढचं पान उलटायचं नाही हा त्याचा स्वभाव. सध्या 'लॉज ऑफ मोशन'मध्ये अडकलाय आणि त्याच्यासकट अख्खं घर अडकलंय.

त्याचं म्हणणं असं. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की बैल गाडीला जेवढ्या जोराने पुढे ओढतो, तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते. दोन्ही सारखे आणि उलट्या दिशेचे, म्हणजे बेरीज शून्य. मग गाडी जागची हलायलाच नको. पण हलते, हे तर रोज दिसतं. म्हणून त्याने स्वतःच निकाल लावलाय: बैल थोडं जास्त ओढत असणार, आणि पुस्तकातलं 'इक्वल' गाडी उभी असेल तेवढ्यापुरतंच खरं.

क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, दोन फोर्स दोन वेगळ्या बॉडीवर आहेत म्हणून कॅन्सल होत नाहीत, लिहून घे, दोन मार्काला येतं. पोराने लिहून घेतलं. आणि रात्री जेवताना मला म्हणतो, "ठीक आहे, वेगळ्या बॉडीवर. मग गाडीचं सोड. एकट्या बैलाकडे बघ. गाडी त्याला मागे ओढतेय. त्याने पुढे लावलेला जोर तर गाडीवर गेला. मग बैलाला पुढे कोण ओढतंय? बैलाने उलटं मागे घसरत जायला पाहिजे!"

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "पाठ कर म्हणावं, आम्ही पण पाठच केलं होतं." असल्या उत्तराने तो गप्प बसणारा नाही. कुणी मराठीत, शांतपणे, फॉर्म्युले कमी ठेवून समजावेल का?

गणित_गुरुजी

क्रिया आणि प्रतिक्रिया वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. त्यामुळे त्या एकमेकींना नष्ट करत नाहीत. एवढं कळलं की विषय संपला. मुलाला फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकाच वस्तूवरचे सगळे जोर बाणांनी दाखवणारं चित्र, काढायची सवय लावा.

रावपुऱ्याची_आई

गुरुजी, धन्यवाद, पण हे सरांनी सांगितलंच होतं. त्याची अडचण त्याच्या पुढची आहे. एकट्या बैलाचा डायग्राम त्याने काढलाय, माझ्यासमोर वही आहे. बैलाला एकच आडवा बाण आहे, तो मागे. पुढचा बाण कुठून आणायचा ते त्याला कळत नाही.

निवृत्त_लोको_बडोदा

ताई, तुमच्या चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा. एकट्या बैलाला मागचाच बाण आहे हे ज्याच्या लक्षात आलं, तो पाठ करणाऱ्यांच्या फार पुढे आहे. मी इंजिन चालवण्यात नोकरी घालवली आणि पुढे पोरांना शिकवलंही. नवीन असिस्टंटला मी पहिल्या दिवशी हेच विचारायचो: इंजिन गाडीला ओढतं, पण इंजिनाला कोण ओढतं? चांगले डिप्लोमावाले गप्प व्हायचे.

उत्तर बैलाच्या पायाखाली आहे. बैल चालताना काय करतो ते बघा. खूर रोवतो आणि जमिनीला मागे रेटतो. तिसरा नियम इथेही लागू होतो, म्हणून जमीन बैलाला तेवढ्याच जोराने पुढे रेटते. हाच तुमच्या वहीतला हरवलेला बाण. बैलाला पुढे गाडी नेत नाही आणि बैल स्वतःही नेत नाही, जमीन नेते. ओल्या शेवाळलेल्या फरशीवर बैल जुंपा. बैल तोच, ताकद तीच, पण पाय मागे सटकतील आणि गाडी तिथेच.

आता आकडे घालू, त्याशिवाय या वयाच्या पोरांना चैन पडत नाही. समजा बैलजोडी ८०० किलोची आणि भरलेली गाडी १२०० किलोची. कच्च्या रस्त्याचा गाडीला होणारा विरोध ६०० न्यूटन (न्यूटन हे जोर मोजायचं एकक). निघताना बैलांनी खुरांनी जमीन १००० न्यूटनने मागे रेटली, म्हणजे जमिनीने त्यांना १००० ने पुढे रेटलं.

आधी बैल आणि गाडी मिळून एकच वस्तू समजा. बाहेरून पुढे १०००, मागे ६००. उरले ४००. एकूण वस्तुमान २०००. भागाकार केला की त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. जोखडातली ओढाताण या हिशोबात येतच नाही, कारण ती घरातल्या घरातली आहे.

आता एकटी गाडी. तिलाही ०.२ चं त्वरण हवं, म्हणजे १२०० गुणिले ०.२, २४० न्यूटन शिल्लक राहायला हवेत. मागे ६०० आहेत, म्हणून जोखडाने गाडीला ८४० ने ओढलं पाहिजे.

आणि एकटे बैल. जमिनीकडून पुढे १०००. गाडीकडून मागे, तिसऱ्या नियमाने, तेच ८४०. उरले १६०. भागिले ८००, पुन्हा ०.२. जुळलं.

मुलाला सांगा, गाडी चालू होत असताना, वेग वाढत असताना, भर निघण्याच्या क्षणीसुद्धा ८४० ला समोर ८४०च आहेत. बैल रतीभरही 'जास्त' ओढत नाही. जास्त आहे ते जमिनीचं १०००, आणि ते ८४० पेक्षा जास्त असायला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही, कारण ती जोडी वेगळी. १००० ची जोडी खूर आणि जमीन यांची. ८४० ची जोडी बैल आणि गाडी यांची. सगळा गोंधळ या दोन जोड्या एकात कालवल्याने होतो.

प्रश्नाची लाज वाटून घेऊ नका, तो जुना आहे. खुद्द न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'मध्ये तिसरा नियम मांडून लगेच खाली घोड्याचं उदाहरण दिलंय: दोरीने दगड ओढणारा घोडा दगडाकडे तेवढाच मागे ओढला जातो. तेव्हापासून पोरं मास्तरांना हेच विचारत असणार.

आता थोडं आमच्या गावाचं, कारण बडोद्याच्या पोराला हे ठाऊक पाहिजे. १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांच्या काळात, गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) रेल्वे टाकली. रूळ होते, डबे होते, आणि ओढायला बैल होते! लोक हे ऐकून हसतात. मला विचाराल तर फिजिक्सच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नाही, उलट बेत हुशारीचा होता.

का ते बघा. ओढायच्या कामात दोन परस्परविरोधी गोष्टी लागतात. ओढणाऱ्याच्या पायाखाली पकड भरपूर हवी, आणि ओढल्या जाणाऱ्याच्या चाकाखाली विरोध कमीत कमी हवा. कच्च्या रस्त्यावर लाकडी चाक चिखलात रुततं, खडबडीतून उड्या मारतं. विरोध ढोबळमानाने वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका धरा. तेच लोखंडी चाक लोखंडी रुळावर घातलं तर दोनशेवा हिस्सा धरायलाही हरकत नाही. म्हणजे तीच बैलजोडी तेवढ्याच दमात दहापट माल नेईल. आणि बैल काही रुळावरून चालत नाही. त्याचे खूर मातीत. पकड मातीची, घरंगळ लोखंडाची. दोन्हीकडचं चांगलं ते घेतलं.

इंजिनाचं तसं नाही. त्याला पुढे रेटणाराही रूळच आणि त्याला वाहून नेणाराही रूळच. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंडाची पकड ती किती? ती वाढवायचा मुख्य उपाय एकच, वजन. तुमच्या स्टेशनवर रोज दिसणारं वॅप-७ हे विजेचं इंजिन घ्या. १२३ टनांचं धूड आहे. गाडी उचलताना त्याची ओढ साधारण ३२३ किलोन्यूटन, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जेमतेम पाव हिश्श्याहून थोडी जास्त. ६३५० हॉर्सपॉवर आहे, पण तीच मोटर पाच टनाच्या इंजिनात बसवली तर चाकं गरगर फिरतील आणि गाडी ढिम्म. लोकांना हॉर्सपॉवरचं कौतुक, आम्हाला वजनाचं.

डभोईलाही हेच आडवं आलं. १८६३ मध्ये इंजिनं आली, पण रूळ इतके हलके की त्यांना इंजिनाचं वजन पेलेना. बैलांचं काम पुढेही चालू राहिलं, आणि रूळ भारी केल्यावरच वाफेला नीट दिवस आले. वजन कमी केलं तर पकड जाते, वाढवलं तर रूळ जातो. बैलाला हा पेच कधी पडलाच नाही.

पहिल्या पावसाच्या भुरभुरीत रूळ धड ओले नाहीत, धड कोरडे नाहीत, वर धूळ आणि तेलाचा राप. तेव्हा गाडी उचलताना चाक जागच्या जागी फिरतं, करंट दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा नाचतो. मग आम्ही वाळू सोडायचो. प्रत्येक इंजिनाला वाळूची पेटी असते, चाकाच्या अगदी पुढ्यात नळीने वाळू पडते. कोट्यवधींचं इंजिन आणि अडलं की मूठभर वाळू! जमिनीने पुढे रेटलं नाही तर कुणाचं काही चालत नाही, हे त्या वाळूइतकं स्पष्ट मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही.

रविवारी पोराला प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कला घेऊन जा. नॅरोगेजची इंजिनं उभी आहेत. चाकाला हात लावून बघू दे किती गुळगुळीत असतं ते.

बीएस्सी_फायनल

काका, जबरदस्त. मी सायन्स फॅकल्टीला फिजिक्स घेऊन आहे, ज्युनियर पोरांच्या ट्यूशन घेतो, म्हणून पुढचा प्रश्न कोणता येणार ते माहितीये. ताई, तुमचा मुलगा उद्या म्हणणार, "पण फ्रिक्शन तर नेहमी गतीच्या विरुद्ध असतं, मग ते बैलाला पुढे कसं ढकलेल?"

ही पाठांतराची करामत. आठवी-नववीत 'घर्षण गतीला विरोध करतं' असं एका ओळीत शिकवतात आणि ती ओळ डोक्यातून जात नाही. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याला. बैल पुढे जातोय हे खरं, पण जमिनीवर टेकलेला खूर कुठे सरकायला बघतोय? मागे. तेल सांडलेलं असतं तर मागेच गेला असता. ते सरकणं अडवायचं म्हणून घर्षण पुढे. गाडीच्या रुतणाऱ्या, घासणाऱ्या चाकाला मात्र जमीन मागेच खेचते. एकाच रस्त्याचा, एकाच वेळी, एकाला पुढे आणि एकाला मागे बाण. माझ्या ट्यूशनच्या पोरांना हे चित्र काढायला लावलं की अर्धा वर्ग दोन्ही बाण मागे काढतो.

दुसरी शंका जरा खोल आहे, काकांनी सोडलेली. जमीन ढकलते म्हणता, मग गाडीला आलेली ऊर्जा जमिनीने दिली का? नाही. टेकलेला खूर जमिनीवर सरकत नाही, जोर लागतो त्या ठिकाणी विस्थापन शून्य, म्हणून जमिनीने केलेलं काम शून्य. ऊर्जा सगळी बैलाच्या स्नायूंतून, म्हणजे शेवटी कडब्या-पेंडीतून. जमीन जोर देते, ऊर्जा देत नाही. जोर आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला इथे समजलं त्याला पुढचा 'वर्क, पॉवर, एनर्जी'चा धडा सोपा जातो.

आणि पृथ्वी मागे जाते का? हा प्रश्न तर हमखास येतो. निघताना बैल तिला १००० ने मागे रेटतात, गाडीची चाकं तिला ६०० ने पुढे फरफटवतात. निव्वळ ४०० मागे. पण तिचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो. त्यामुळे जाते, पण मोजायच्या गोष्टी करू नका. गाडी एका चालीने चालू लागली की बैलांचं रेटणंही ६०० वर येतं, मग पृथ्वीवरही दोन्ही समान, आणि गाडीवरही. जोखडात तेव्हा ६०० च.

गणित_गुरुजी

समान झाले तर गाडी थांबेल ना? निव्वळ बल शून्य.

बीएस्सी_फायनल

गुरुजी, तुम्ही मुद्दाम विचारताय. निव्वळ बल शून्य म्हणजे वेग बदलत नाही. आहे तो राहतो. थांबायलाही बल लागतं. बैल सतत ओढतात ते गाडीला गती द्यायला नाही, रस्ता जी गती काढून घेतो ती भरून काढायला. रस्त्याने खाणं बंद केलं तर ओढायचीही गरज नाही.

गणित_गुरुजी

मुद्दामच विचारलं. वाचणाऱ्यांच्या मनात हेच येतं.

रावपुऱ्याची_आई

काका आणि बीएस्सीवाले दादा, काय सांगू! सगळं त्याला वाचून दाखवलं. ८४० ला ८४० बघून तो बराच वेळ वहीत काहीतरी करत बसला, मग म्हणाला, "आकडे जुळतात. पण आकडे जुळवताही येतात." माझ्या सासऱ्यांवर गेलाय, ते बँकेत ऑडिटला होते.

म्हणून मग घरातच करून बघायचं ठरलं. आमच्याकडे बॅगा तोलायचे दोन काटे आहेत. बडोद्यात कुणाकडे नाहीत म्हणा, प्रत्येक घरातलं कुणीतरी अमेरिकेला नाहीतर कॅनडाला, आणि तेवीस किलोच्या वर एक किलो गेला की एअरपोर्टवर लोणच्याच्या बरण्या बाहेर. एक काटा डिजिटल, पण तो आकडा पकडून ठेवतो, हलताना बघता येत नाही. म्हणून शेजारच्यांकडून त्यांचा स्प्रिंगवाला आणला, आपला स्प्रिंगवाला घेतला, दोघांचे हूक एकमेकांत अडकवले. एक टोक चाकाच्या मोठ्या बॅगेला, बॅगेत तांदळाची गोणी. दुसरं टोक पोराच्या हातात. मी वाकून काट्यांवर नजर ठेवून.

हळू ओढलं, दोन्ही सारखे. हिसका दिला, दोन्ही काटे एकदम उडाले, मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवून थांबवून बघितलं, तरी सारखेच. बॅग वेगात आली तेव्हाही सारखेच. बॅग सोफ्याला अडकवून ओढली, हलली नाही, तेव्हाही सारखेच. हसू आलं ते हे की पायात मोजे घालून आमच्या गुळगुळीत टाइल्सवर तो ओढायला गेला तेव्हा बॅग राहिली जागेवर आणि हाच सरकत बॅगेकडे आला! काटे तरीही सारखेच. तेव्हा मात्र त्याच्या तोंडून "ओह" निघालं.

आता नवीन शंका. तो विचारतो, आधी तो ओढतो आणि मग बॅग उलटं ओढते ना? मध्ये थोडा वेळ जात असेल ना? तेवढ्यात बैल निसटून पुढे जात असेल तर?

आखाडा_दांडियाबाजार

फिजिक्स माझा प्रांत नाही, पण रस्सीखेचीत वर्षानुवर्षं शेवटच्या माणसाच्या जागी उभा राहिलोय, पोटाला दोर गुंडाळून. काकांचं वाचून एकदम डोक्यात उजेड पडला. आमचे वस्ताद म्हणायचे, "हाताने खेचू नका रे, पायाने खेचा." आम्हाला वाटायचं बोलण्याची लकब आहे.

दोराला दोन्हीकडून ओढ सारखीच असणार, म्हणजे हरणारा कमी खेचतो म्हणून हरतो असं नाहीच. ज्याच्या टाचा मातीत बसतात तो जिंकतो. वजनदार माणूस मागे ठेवायचा, अंग मागे टाकून पाय तिरपे रोवायचे, मातीत आधीच टाचेने खळी करायची, हे सगळं जमिनीकडून जास्त रेटा मिळवायलाच. पॉलिश केलेल्या हॉलमध्ये एकदा स्पर्धा ठेवली होती, तिथे भलेभले घसरगुंडी खेळले. पण मग एक सांगा काका, पकड घ्यायला दंडाची ताकद काहीच नको का?

निवृत्त_लोको_बडोदा

वस्ताद खरं बोलले. दंड हवाच. जमिनीचा रेटा पाठीतून, खांद्यातून, मनगटातून दोरापर्यंत पोचवायचा तर मधली साखळी तुटता कामा नये. आमच्याकडे त्याला कपलिंग म्हणतात. कपलिंग कच्चं असेल तर इंजिन एकटंच पुढे निघून जातं आणि डबे मागे. पण कपलिंग कितीही पक्कं असलं तरी ते स्वतः गाडी नेत नाही.

ताई, मोज्यांचा प्रयोग फार उत्तम. तो मी ठरवूनही सुचवला नसता.

'आधी कोण' याबद्दल. दोष 'क्रिया' आणि 'प्रतिक्रिया' असं एकामागून एक बोलण्याच्या सवयीचा. त्यामुळे पोरांना वाटतं एकाने थप्पड मारली, मग दुसऱ्याने उलटून मारली. तसं नाही. काट्यांमधली स्प्रिंग ताणली गेली की ती दोन्ही टोकांना एकाच वेळी आत ओढते. एका टोकाला ओढणारी स्प्रिंग तुम्ही कुठे पाहिलीत का? कुणाला क्रिया म्हणायचं आणि कुणाला प्रतिक्रिया हे आपल्या मर्जीवर आहे, नावं अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही.

वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. लांब मालगाडी निघताना पहिला डबा हलतो आणि शेवटचा डबा नंतर, कारण मधल्या कपलिंगा ढिल्या असतात, एकेक ताणली जाते, खडाड् खडाड् करत ओढ मागे पोचते. गार्डाला धक्का उशिरा बसतो. ही ओढ लांबवर पोचण्यातली दिरंगाई. पण कुठलंही एकच कपलिंग घ्या, त्याच्या अलीकडची आणि पलीकडची ओढ बरोबरीने असते.

आता पोराला एक काम द्या. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल पुस्तकाला वर रेटतं. दोन्ही सारखे, उलट दिशेला. ही तिसऱ्या नियमातली जोडी आहे का? उत्तर 'का' सकट हवं.

गणित_गुरुजी

यात बारावीची पोरंसुद्धा फसतात. ताई, त्याला पुस्तक उघडू देऊ नका.

रावपुऱ्याची_आई

त्याचं उत्तर जसंच्या तसं टाइप करते:

"जोडी नाही. दोन्ही बाण पुस्तकावरच आहेत, आणि जोडीतले बाण कधी एकाच वस्तूवर नसतात. ते सारखे आहेत ते पुस्तक स्थिर आहे म्हणून, म्हणजे पहिल्या नियमाने. टेबल लिफ्टमध्ये असेल आणि लिफ्ट वर निघाली तर टेबलाचा रेटा वजनापेक्षा जास्त होईल, आणि तिसऱ्या नियमाची जोडी अशी कमीजास्त होऊच शकत नाही. पृथ्वी पुस्तकाला ओढते त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. टेबलाच्या रेट्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं."

सोबत चित्रही काढलंय, फोटो टाकलाय.

निवृत्त_लोको_बडोदा

लिफ्टचं त्याला कुणी सांगितलं नसेल तर पोरगं तयार आहे. उत्तर पूर्ण बरोबर.

चित्रात एकच दुरुस्ती. पुस्तकाच्या चौकटीत त्याने तीन बाण काढलेत. 'पुस्तक टेबलाला दाबतं' हा बाण टेबलाच्या चौकटीत जायला हवा, तिथून खोडायला सांगा. पृथ्वीला वेगळी चौकट काढून चौथा बाण तिच्यात टाकलाय, तो छान. आणि परीक्षेत बाणांची लांबी सारखी ठेव म्हणावं, तपासणारे तेही बघतात.

बीएस्सी_फायनल

ताई, पुढे 'सर्क्युलर मोशन' आहे. गरब्यात फेर धरताना बाहेर कोण ढकलतं, असं विचारत आला की इथेच लिहा, मी आहे.